चिऱ्याचे घर आणि लहान कार्यालय

कोकणातील तालुक्याच्या गावी दोन-चार माणसांवर चालणाऱ्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात आराखडा संगणकावर तयार होत असला, तरी त्याची परीक्षा पावसाळ्यातच होते. कारण जेथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे छपराचा उतार, पागोळीचे, म्हणजे छपराच्या कडेवरून गळणाऱ्या पाण्याचे, भिंतीपासूनचे अंतर आणि जोत्याची उंची या गोष्टी दर्शनी रूपाच्या आधी ठरवाव्या लागतात. खाणीतून काढताना मऊ असणारा व उघड्या हवेत कठीण होत जाणारा जांभा दगड येथे चिऱ्यांच्या, म्हणजे घडीव चौकोनी ठोकळ्यांच्या, रूपात वापरला जातो आणि त्याची पारख पदवीधरापेक्षा गवंड्याला अधिक असते, हे पदवीधराने लवकर मान्य केलेले बरे. १९७२च्या कायद्याने ‘वास्तुविशारद’ ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तींपुरती राखून ठेवली असली, तरी अशा कार्यालयाचा बराच वेळ परवानगीची कागदपत्रे आणि बांधकामावरील फेऱ्या यांतच जातो. मुंबईकर घरमालकाला अनेकदा सपाट स्लॅब हवा असतो, आणि गळती सुरू झाल्यावर त्याच स्लॅबवर पत्र्याचे छप्पर चढवावे लागते. म्हणजे उतरत्या छपराचा खर्च टळत नाही, तो नंतर करावा लागतो इतकेच.