परक्याची ठेव

इस्राएलमध्ये नोकरदार माणसाचा प्राप्तिकर पगारातूनच परस्पर कापला जातो, आणि बहुतेकांना दरसाल विवरणपत्र भरावे लागत नाही. आम्हां अमेरिकेतल्या मंडळींचे तसे नाही. येथे साधारणतः 15 एप्रिलपर्यंत ज्याने त्याने आपला हिशेब सरकारला कळवायचा. ज्यांना ते जमत नाही ते माझ्यासारख्या, मेहनताना घेऊन विवरणपत्रे भरून देणाऱ्याकडे येतात. माणूस सख्ख्या भावाला सांगणार नाही ते मला सांगतो. पगार किती, घरावर कर्ज किती, धंद्यात खोट किती आली, सिनेगॉगला खरोखर काय दिले! शिवाय त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक माझ्यापाशी असतो. तो चोराच्या हाती लागला तर त्याच्या नावाने खोटे विवरणपत्र भरून परताव्याची रक्कम लाटता येते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक घडली. आपल्या समाजात आडनावे गावांवरून पडलेली, त्यामुळे एका आडनावाची चार घरे माझ्याकडे येतात. रात्री उशिरा एकाचे विवरणपत्र ईमेलने पाठवताना मी पहिली तीन अक्षरे टंकली, पुढचा पत्ता यंत्राने आपणच भरला, आणि कागद गेले दुसऱ्याच घरी. तेही पासवर्डाच्या कुलपाशिवाय. ध्यानात येताच मी फोन केला, "मामा, ते पत्र उघडू नका, पुसून टाका." ते म्हणाले, "उघडलंच नाही रे बाबा." खरे काय ते देव जाणे.

दुसऱ्याचे पत्र वाचू नये हा निर्बंध सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या, जर्मनीतील माइन्झच्या रब्बी गेर्शोम यांच्या नावे सांगितला जातो. पुढे लोक त्याची आद्याक्षरे पत्रावर लिहीत, म्हणजे भलत्याने ते उघडू नये. पण तो निर्बंध वाचणाऱ्यावर आहे. येथे तर मीच पत्र त्याच्या हातात दिले होते.

आता ज्याचे कागद त्याला सांगावे की नाही? घरात म्हणणे पडले, "सांगून त्याला काय मिळणार? झोप तेवढी जाईल." हे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटले नाही. परंतु येथे करखात्याकडून सहा आकडी गुप्त क्रमांक मिळतो (2021 पासून तो देशभर कोणालाही मागता येतो), आणि मग त्यावाचून त्या माणसाच्या नावे कोणालाही संगणकावरून विवरणपत्र भरता येत नाही. मी गप्प राहिलो तर त्याचा बचावही मीच हिरावणार. मी गेलो आणि सांगितले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "क्रमांकाचं राहू दे. तो माझा चुलतभाऊ. माझं कर्ज आजवर त्याला ठाऊक नव्हतं."

यावर मला उत्तर सुचले नाही. अमेरिकेच्या कायद्यात 1971 सालापासून 7216 वे कलम आहे. गिऱ्हाइकाची माहिती जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने फोडणाऱ्यास त्याखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण चुलतभावापुढे खाली गेलेली मान त्या कलमाने वर येत नाही.

बरे, ही चूक माझी एकट्याची होती. चोराने फसवले तर तरी आपण सुटतो काय? फेब्रुवारीत, कामाच्या ऐन गर्दीत, गोड पत्र येते, "मी नवा गिऱ्हाईक, माझे गेल्या वर्षीचे कागद सोबत जोडले आहेत." नवे काम कोणाला नको? जोडपत्र उघडले की एखादा छुपा प्रोग्राम संगणकात शिरतो आणि सर्व घरांचे कागद बाहेर जातात. करखात्याच्या नावानेही अशी पत्रे येतात. वास्तविक ते खाते ईमेलने आपण होऊन पहिला संपर्क सहसा करीतच नाही.

निर्गमाच्या 22 व्या अध्यायात ठेव राखणाऱ्याचा विचार आहे, आणि मिश्नाने तो उलगडला आहे. फुकट राखणारा, शोमेर हिनाम, ठेव चोरीस गेल्यास शपथ घेऊन सुटतो. मोबदला घेणारा शोमेर साखार चोरीही भरून देतो, फक्त अटळ आपत्तीतून सुटतो. तेथेच म्हटले आहे की एक लांडगा आला तर ती अटळ आपत्ती नव्हे, दोन आले तर होय. मी मोबदला घेतो. आणि हे पत्र, माझ्या मते, एकच लांडगा आहे, कारण तो दरवर्षी त्याच दाराने येतो.

तेव्हापासून मी दार लावून घेतो. परताव्यासाठी बँकेचे खाते बदला, असे ईमेल आले तर माझ्या जुन्या वहीतल्या नंबरावर फोन करून विचारतो. एक वृद्ध गृहस्थ यावर रागावले, "माझ्या शब्दावर विश्वास नाही?" मी म्हटले, "नाना, शब्द तुमचाच आहे की नाही, तेवढंच विचारतोय." त्यांनी फोन ठेवला, आणि दोन शाब्बाथ माझ्याशी बोलले नाहीत.

आणि ज्यांचे कागद चुलतभावाकडे गेले ते गृहस्थ? ते यंदाही आले. ईमेल केले नाही. बसने, पिशवीतून कागद घेऊन आले, आणि माझे काम होईपर्यंत समोर बसून राहिले.