रिकामा दिवस

गेल्या रविवारी दुपारी आम्ही वस्तीतून पायीच फेरी मारली. ओट्यावर एक आजी गोधडीला टाके घालीत होत्या. “फादर, आज नुसताच वेळ घालवतेय,” त्या ओशाळून म्हणाल्या.

ओशाळावे का? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १८९० साली मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ झगड्यानंतर. झगडून मिळविलेला विसावा चोरीचा कसा ठरेल? आळस मात्र निराळा. आळसात माणूस स्वतःलाही टाळतो; विसाव्यात त्याला शेजारी दिसू लागतो.

सायंकाळी त्यांच्याच घरी आम्ही पक्ष्यांवरील माहितीपट पाहिला. आजींची सुई चालूच होती. निघताना ओशाळलो ते आम्ही. ‘वेळ नाही’ म्हणत इतकी वर्षे त्या उंबऱ्यावर आमचे पाऊल केवळ आजारपणात नि मरणातच पडले होते.