टेबलाच्या पलीकडची खुर्ची

जानेवारी १९५९. वेस्ट इंडिजविरुद्धची मद्रास कसोटी तोंडावर आलेली आणि भारताचे कर्णधार पॉली उम्रीगर यांनी पद सोडलं. संघात कोण हवं, यावरून क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांशी त्यांचा वाद झाला होता. नेतृत्व गेलं ते कायमचं.

उम्रीगर आपल्या सोलापुरात वाढलेले. पारशी घर, वडिलांचा कापडाचा व्यवसाय. पुढे कुटुंब मुंबईला गेलं. ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतकं. निवृत्त झाले तेव्हा भारताकडून सर्वाधिक धावा त्यांच्याच होत्या.

तो राजीनामा अहंकारातून आला असेल का? मला तसं वाटत नाही, ते १९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यामुळे. बार्बाडोसमध्ये नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला, जीव जेमतेम वाचला. नेतृत्व २१ वर्षांच्या पतौडींकडे आलं. छत्तिशीतले उम्रीगर या पंधरा वर्षांनी लहान कर्णधाराच्या हाताखाली पोर्ट ऑफ स्पेनला उतरले. पाच बळी घेतले, ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या. भारत हरला, पण त्या माणसाने अंग राखलं नाही. मानापमानाची गोष्ट असती तर दुखणं काढून बसणं सोपं होतं. त्यांचा हट्ट पदासाठी नव्हताच, असं मी यावरून समजतो.

पुढे ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, मंडळाच्या कारभारात आले आणि १९७८ ते १९८२ निवड समितीचे अध्यक्ष राहिले. खेळाडूने कारभारात यावं, असं आपण नेहमी म्हणतो. फुटबॉलमध्येही तसं घडतं: स्पेनचा गोलरक्षक झुबिझारेता बार्सिलोनासाठी खेळला, २०१० मध्ये त्याच क्लबचा क्रीडा संचालक झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये क्लबनेच त्याला काढलं. खुर्ची कुणाचीच नसते. पण ती असेपर्यंत तिच्यावरून दुसऱ्याचं भवितव्य ठरतं, आणि मला काळजी त्याची वाटते.

सुनील गावसकरांनी १९७८-७९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध ७३२ धावा केल्या, कर्णधार म्हणून मालिकाही जिंकून दिली. तरी लगेचच्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधारपद वेंकटराघवन यांना मिळालं. हे घडलं उम्रीगर अध्यक्ष असतानाच. तो गावसकरांवर अन्याय होता, असं माझं स्पष्ट मत आहे. उम्रीगरांबद्दलच्या आदरापोटी ते झाकून ठेवणं बरोबर नाही. मद्रासला स्वतः सोसलेला माणूस अध्यक्ष असतानाही हे होऊ शकतं.

म्हणून आपल्या जिल्ह्यात निवड चाचण्या घेणाऱ्या जुन्या खेळाडूंकडे माझं एक मागणं आहे. यादीतून वगळलेल्या मुलाला आणि मुलीला बाजूला बसवा आणि नाव का आलं नाही, ते तोंडावर सांगा. त्यांचंही ऐकून घ्या. पार्क मैदानावर याला फार तर अर्धा तास जास्त लागेल.