कारभाऱ्याचा अधिकार

उबंटूवर कप्स-पीडीएफ नावाचा एक आभासी प्रिंटर बसवता येतो. त्याच्याकडे मजकूर छापायला पाठवला की कागद निघत नाही. वापरणाऱ्याच्या होम फोल्डरात ‘पीडीएफ’ नावाच्या कप्प्यात फाइल येऊन पडते. एखाद्या टापटिपीच्या माणसाला ती फाइल ‘डॉक्युमेंट्स’मध्ये हवी असते. तो सेटिंगमधली एक ओळ बदलतो. कप्पा त्याच्याच मालकीचा, लिहिण्याची परवानगी चोख, आणि फाइल ठेवणारी प्रक्रिया तर ‘रूट’ म्हणून, म्हणजे यंत्रावरच्या सार्वभौम हक्काने चालणारी. तरी फाइल उमटत नाही. नोंदवही उघडली की एक शब्द दिसतो: ‘डिनाइड’.

मालकाची हरकत नाही, करणारा खुद्द राजा. मग नाही म्हणालं कोण?

युनिक्सची जुनी रीत सरळ आहे. फाइल ज्याची, परवानगी त्याने द्यायची. रूटला मात्र कुणी हटकायचं नाही. सक्तीचं प्रवेश-नियंत्रण यात आणखी एक प्रश्न घालतं. तू कोण ते कळलं, पण तुला नेमलंय कशासाठी? उबंटूवर हे नियंत्रण ठेवणारं ॲपआर्मर हा प्रश्न फाइलींच्या पत्त्यांवरून सोडवतं: कप्स-पीडीएफच्या नियमपत्रात ‘पीडीएफ’ कप्पा लिहिलेला आहे, ‘डॉक्युमेंट्स’ नाही, विषय संपला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने 2000 साली खुलं केलेलं आणि 2003 मध्ये लिनक्सच्या 2.6 कर्नलमध्ये आलेलं एसईलिनक्स प्रत्येक प्रक्रियेला आणि फाइलला बिल्ला लावतं. ‘कप्सडी_टी’ बिल्ल्याच्या प्रक्रियेने छपाईच्या रांगेतल्या फायली हाताळाव्यात, घरभर हिंडू नये.

छपाईचाच कारभारी, म्हणजे लिनक्सवर छपाई सांभाळणारं ‘कप्स’, इतका संशयित का? कारण त्याचं कामच तसं आहे. तो 631 क्रमांकाच्या पोर्टवर नेटवर्कचं ऐकत बसतो, कुणीही पाठवलेली फाइल उघडतो, ती पचवायला निरनिराळे फिल्टर चालवतो आणि तो स्वतः रूटच्या हक्काने चालतो. विंडोजची कथा वेगळी नाही. 2010 मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने पसरण्यासाठी ज्या वाटा वापरल्या, त्यांत एक प्रिंट स्पूलरची, म्हणजे तिथल्या छपाईच्या कारभाऱ्याची होती. 2021 मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ या त्रुटीने त्याच स्पूलरला पुन्हा गाठलं.

बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात राजसत्ता निर्माण झाल्यावरही सृष्टीचं भागत नाही. मग तिच्याही वर धर्म उभा करावा लागतो, आणि त्याच्या आधाराने दुबळाही बलवंताला आवरू पाहतो. नियमपत्र रूटच्या वर बसतं ते याच धाटणीने. मात्र खोच इथेच आहे. एसईलिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत रूट म्हणून आलेला प्रशासक एका आज्ञेने सक्ती थांबवू शकतो. मग हा धर्म कसला? उत्तर अधिकाराच्या अर्थात दडलं आहे. यंत्रापुढे बसलेला माणूस सक्ती उठवू शकतो, पण रूट म्हणूनच चालणारा छपाईचा कारभारी ती उठवू शकत नाही. नाव एक, अधिकार दोन. वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणारे मीमांसकही ‘अधिकार’ हा शब्द कर्माला जोडूनच वापरतात: अमुक कर्म करण्याचा हक्क कुणाला, असा तो प्रश्न असतो.

याला विरोध करणाराही दमदार आहे, आणि त्याची कहाणी प्रिंटरपासूनच सुरू होते. एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये कागद अडकल्याची वर्दी सगळ्यांना देण्याची सोय केली होती. पुढे झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला, त्याच्या प्रोग्रॅमचा स्रोत मिळेना, आणि त्या नकारातून मुक्त सॉफ्टवेअरच्या विचाराला धार आली. ग्नूच्या ‘सू’ या आज्ञेच्या माहितीपत्रकात त्यांनी रूटचा हक्क मोजक्या गटापुरता ठेवण्याची सोय का दिली नाही, हे लिहून ठेवलं आहे: 1984 मध्ये काही जणांनी पासवर्ड बदलून प्रयोगशाळेचं यंत्र बळकावलं होतं, आणि स्टॉलमन यांची सहानुभूती सामान्य वापरकर्त्यांकडे होती. आक्षेप खरा आहे. पण तो माणसांवर बसवलेल्या कुलपाबद्दल आहे. प्रक्रियेला आत्मसन्मान नसतो. तिला बांधल्याने कुणाची मानहानी होत नाही, नियम वाचता आणि बदलता येत असेल तोवर.

नियम लिहितं कोण, हा खरा पेच. नवशिका प्रशासक नियम ‘शिकवण्याच्या’ मोडवर ठेवतो, चार दिवस छापू देतो आणि नोंदवहीतल्या प्रत्येक नकाराची परवानगी करून टाकतो. एसईलिनक्समध्ये ‘ऑडिट-टू-अलाउ’ हे काम क्षणात करून देतं. म्हणजे जे घडलं तेच शास्त्र. मीमांसेचे सूत्रकार जैमिनी आणि भाष्यकार शबर यांनी हाच प्रश्न स्मृतींबद्दल सोडवला होता. वेदात आधार सापडत नसला तरी स्मृती मानावी, पण जिथे लोभाचा हेतू उघड दिसतो तिथे नाही. शबरांचं उदाहरण झकास आहे: वैसर्जन होमाचं वस्त्र अध्वर्यू या पुरोहिताने घ्यावं, असं सांगणारी स्मृती. वस्त्र कुणाला हवं होतं, हे सांगायला पंडित लागत नाही! नोंदवहीतली ओळही याच नजरेने वाचायची असते. छपाईला हे खरंच लागलं, की कुणाला तरी हवं होतं?

निव्वळ नियमाच्या कडकपणाने भागत नाही, हे 26 सप्टेंबर 2024 ला दिसलं. सिमोने मार्गारितेल्ली यांनी कप्सच्या भोवतीच्या चार त्रुटी जाहीर केल्या. दूरवरून खोटा प्रिंटर बसवायचा, त्याच्या वर्णनात आज्ञा पेरायची. वापरकर्त्याने छपाईचं बटण दाबलं की ‘फूमॅटिक-रिप’ हा फिल्टर ती चालवणार. अशी आज्ञा चालवणं हे त्या फिल्टरचं रोजचं, रास्त काम. त्यामुळे नियमपत्रात शेल चालवायची मुभा आधीच असते. सक्तीचं नियंत्रण चोराला आत येण्यापासून इथे रोखत नाही; आत आल्यावर किती खोल्या उघडतील एवढंच ठरवतं. तेवढंही थोडं नाही.

उबंटूचं कप्सचं नियमपत्र ‘ॲपआर्मर.डी’ फोल्डरात साध्या मजकुराच्या रूपात ठेवलेलं असतं. त्यात ‘ऑप्ट’ फोल्डरातलं सरसकट सगळं वाचायला आणि चालवायला मोकळीक आहे, आणि शेजारच्या टिपणीत कारणही दिलं आहे: तिथे बाहेरच्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर बसतात, आणि त्यांची रचना ठाऊक नाही.