थोडें तें मोलाचें?

कॅनडाचा १९४८ सालचा चांदीचा डॉलर संग्राहक मोठ्या किंमतीस घेतात. कारण तशीं नाणीं अवघीं १८,७८० पाडलीं गेलीं. या टंचाईचें मूळ आपल्या इतिहासांत आहे. १९४७ सालीं हिंदुस्थान स्वतंत्र झाला, आणि राजाच्या नांवापुढची ‘हिंदुस्थानचा सम्राट’ या अर्थाचीं लॅटिन अक्षरें नाण्यावरून काढणें प्राप्त झालें. लंडनहून नवे ठसे येईपर्यंत १९४७ च्याच आंकड्याजवळ मेपलचें इवलेंसें पान उमटवून काम भागवावें लागलें. १९४८ चीं नाणीं पाडावयास मग थोडाच अवधि उरला.

नाणें दुर्मिळ झालें तें योगायोगानें. तीं अक्षरें गेलीं तीं असंख्यांच्या त्यागानें. थोडें तें मोलाचें, हा बाजाराचा न्याय होय. विचारी मनुष्यानें मात्र, तें थोडें कां, हें आधीं विचारावें.