मोरपंखी आलवण

पुतण्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या पणजीचा फोटो टाकला. जुन्या फोटोतून तिचा चेहरा कापून घेतला, कुठल्याशा ॲपमधून तो स्वच्छ केला आणि रंगवलाही. पणजीच्या अंगावर मोरपंखी लुगडं आलं. कपाळाशी, पदराच्या काठाखाली, काळ्याभोर केसांची रेघ आली. खाली अंगठे, बदाम, ‘अगदी जिवंत वाटतेय’ वगैरे. पणजी विधवा होती. अंगावर होतं ते आलवण, लाल; आणि पदराखाली केस नव्हतेच.

ॲपला बोल लावण्यात अर्थ नाही. त्या काळच्या फोटोच्या बऱ्याच काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, तो काळपट उमटायचा. काळपट दिसल्यावर ॲपनं आपल्या मर्जीनं रंग भरला. पण माझी चिडचिड रंगापाशी थांबेना.

जुने फोटो कसे जपायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं, करत कुणी नाही ही गोष्ट वेगळी. ओल नको, ऊन नको, चिकट पानांचे अल्बम तर नकोतच. मागे नावं लिहायची ती शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं. एक नक्कल दुसऱ्या गावी ठेवायची. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या भांड्याकुंड्यांबरोबर फोटोही गेले, आणि भांडी पुन्हा घेता आली. गंमत अशी की आमच्या घरातले ऐंशीच्या दशकातले लग्नाचे रंगीत फोटो लालसर पडत चाललेत, आणि त्याआधीच्या पिढ्यांचे कृष्णधवल ठणठणीत आहेत. रंगीत फोटोतली रंगद्रव्यं विटतात, कृष्णधवलमधली चांदी बरीच टिकते.

हे झालं कागद जपण्याचं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो आठवण आणि पुरावा यांतला फरक. आठवण माणसाच्या आत असते. फोटो ती फक्त हलवून जागी करतो. माझ्या आत्यानं पणजीला पाहिलेलं आहे, तिच्या हातचं खाल्लेलं आहे. तिला फोटो धूसर असला तरी चालतो. मला पणजीची काडीचीही आठवण नाही. माझ्यापुढे आहे तो निव्वळ पुरावा, आणि पुराव्यात खाडाखोड केली की काय उरतं?

मूळ फोटो आजोबांच्या मुंजीचा. मागे टाकानं लिहिलंय, ‘मौंजीबंधन, वैशाख शके १८५३’. म्हणजे १९३१. अंगणात खुर्च्या मांडल्यात. मधोमध बटू, चकोट डोकं, शेंडी, हातात दंड. त्याच्या शेजारी शालू नेसून, नथ घालून बसलीय ती त्याची आई नव्हे, काकू. मातृभोजनाला सवाष्ण लागते. आई उजव्या कडेला, दाराच्या चौकटीपाशी, जमिनीवर. अर्धी चौकटीच्या सावलीत. एका फोटोत दोन भादरलेली डोकी आहेत, मायलेकांची. एकाला त्याबद्दल भिक्षावळ मिळाली. पुतण्यानं कात्री चालवली ती नेमकी या अंतरावर. चेहरा राहिला आणि तो कुठे बसवला होता ते गेलं.

महर्षी कर्व्यांनी विधवेशी केलेला पुनर्विवाह १८९३ चा, त्यांचा विधवांसाठीचा आश्रम १८९६ चा. शाळेत आम्ही ही सनं घोकली आणि विधवांचा प्रश्न तिथंच मिटला असं समजून चाललो. आश्रमानंतर पस्तीस वर्षांनी तो आमच्या अंगणात जमिनीवर बसलेला होता.

हे सगळं मी पुतण्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “काका, तिला विचारलं असतंत तर तिनं कुठला फोटो ठेवला असता?” शिवाय जुने स्टुडिओवालेही काचेवर पेन्सिल फिरवून देवीचे व्रण घालवायचेच की, हेही त्यानं वर सुनावलं. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पहिल्याला उत्तर नाही. आलवण तिनं निवडलेलं नव्हतं, त्या जागी बसणंही नाही. मग ते जसंच्या तसं राखण्याचा माझा हट्ट कुणाच्या बाजूचा?

इथं मला इतिहाससंशोधक राजवाडे आठवतात. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ चा. पुढे असे २२ झाले. त्यासाठी हा माणूस गावोगाव पायपीट करत, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं मागत फिरला. कित्येकांनी ती दाखवलीसुद्धा नाहीत. घराण्याची अब्रू, वाटणीचे तंटे, आणि नुसता संशय. मालकांनी फडक्यात बांधून जपलेलं पुष्कळसं वाळवीनं वाचलं. जे परक्याच्या हाती पडलं तेच छापून निघालं. घराण्याला त्यात आपले पूर्वज तेवढे दिसत होते. राजवाड्यांना त्यात धान्याचे भाव, कर्जाची व्याजं, भाषेची रूपं दिसली.

पुढच्या पिढ्यांसाठी जपायचं असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे आपलीच पतवंडं असतात. त्यांना पणजीचं सोयरसुतक कितपत असेल? पुतण्याची ती खापरपणजी, आणि त्याला हवा होता एक छानसा चेहरा. आठवण आत्याबरोबर संपेल. मग उरलेल्या पुराव्याचा वारस रक्ताचाच असायला हवा असं कुठंय? १९३१ सालच्या अंगणात कोण कुठे बसायचं हे शोधणारी, आमच्या आडनावाशी काही नातं नसलेली एखादी अभ्यासक त्या कडेच्या बाईकडे आमच्यापेक्षा जास्त वेळ बघेल. हा फोटो घराबाहेर जाऊ द्यायचा नाही असंच मी आजवर धरून होतो. आता वाटतं, तो एखाद्या संग्रहाला द्यावा, न कापलेला, सगळ्यांच्या नावांसकट. सोबत मोरपंखी नक्कलही द्यावी, कुणी, कधी रंगवली ते मागे लिहून. आपली पणजी विधवा नसती तर बरं झालं असतं असं आमच्या काळातल्या एका घराला वाटलं, ही नोंदही कुणाला तरी लागेल.

आत्याला हे पसंत नाही. घरातलं चव्हाट्यावर कशाला, आणि द्यायचंच असेल तर आडनाव खोडून द्या, असं तिचं म्हणणं. आडनावाशिवाय गाव, जात, पेशा काहीच कळणार नाही, पुरावा निम्म्यानं पडेल. तिच्याशी वाद चालू आहे. पुतण्याची मात्र काहीच हरकत नाही. त्याच्याकडे स्कॅन आहे.