सारखेपणा म्हणजे नाते नव्हे

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड माशांच्या सुमारे ५०० जाती नांदत होत्या. कुणी शेवाळ खरवडून खातो, कुणी गोगलगायी फोडतो, कुणी दुसऱ्यांची पिल्ले गिळतो; जबडा आणि दात ज्याच्या त्याच्या आहाराला साजेसे. आपल्या उजनी धरणातला चिलापी याच कुळातला.

माशांची नाती दीर्घकाळ शरीरावरून ठरली. दात, कवटी, परांमधले काटे तपासायचे. साम्य अधिक ते जवळचे. या पद्धतीने वर्गीकरणाचा भक्कम पाया घातला. पण सारखे दिसणारे एकाच पूर्वजाचे, हे त्यात गृहीतच धरलेले होते.

डीएनएने ते तपासायला लावले. त्याच्या अक्षरमालेत पिढ्यानुपिढ्या बदल साठतात. दोन जातींमध्ये फरक जितके थोडे, तितका त्यांचा समान पूर्वज अलीकडचा. १९९०मध्ये अॅक्सेल मायर, थॉमस कोचर, अॅलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी व्हिक्टोरियातल्या १४ जातींच्या मायटोकाँड्रियल डीएनएमधली ८०३ अक्षरे ताडून पाहिली. फरक जवळजवळ नव्हतेच. माणसामाणसांत असतात त्याहूनही कमी. रूपाने इतके भिन्न मासे गेल्या दोन लाख वर्षांतले भाईबंद निघाले. १९९३मध्ये उलट बाजू पुढे आली. मलावी आणि टांगानिका सरोवरांतले हुबेहूब दिसणारे सिक्लिड एकमेकांचे निकटचे आप्त नव्हते. सारख्या जीवनक्रमाने दोन्हीकडे सारखी शरीरे घडवली होती.

तरीही हा पुरावा एकांगी होता. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडूनच येतो. त्यात मातृवंशच दिसतो. संपूर्ण जनुकसंच वाचता येऊ लागला तेव्हा चित्र आणखी पालटले. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी काँगो आणि वरच्या नाईल खोऱ्यांतले दोन दूरचे वंश एकत्र आले आणि त्या संकरातून व्हिक्टोरिया परिसरातल्या सिक्लिडांचा विस्तार झाला. वंशवृक्षाच्या फांद्या फक्त फुटत जातात, ही कल्पना इथे अपुरी पडली. दुरावलेले वंश पुन्हा मिसळतात आणि त्या मिश्रणातूनही नवे घडते.

मात्र प्रत्येक मिश्रण नवनिर्मिती करत नाही. व्हिक्टोरियात मादी नराच्या रंगावरून आपल्या जातीचा जोडीदार ओळखते. सांडपाणी आणि जमिनीची धूप यांनी पाणी गढूळले की रंग दिसत नाहीत आणि जातींमधल्या सीमा विरघळतात, हे १९९७मध्येच दाखवून दिले गेले. त्याआधी १९५०च्या दशकात सोडलेल्या नाईल पर्च या शिकारी माशाने शेकडो जातींचा घास घेतला होता. जनुकांमधला हा इतिहास वाचण्याची विद्या आपण मिळवली, तशी ते पाणी स्वच्छ राखण्याची जबाबदारीही आपल्यावर आली आहे. नाती उमगली, पण नातलग उरले नाहीत, तर ते ज्ञान अपुरेच ठरेल.